दखल मोजणाऱ्या करुणाताई

करुणाताई गेल्याची बातमी मला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. पाणी उशिरा येण्याची सूचना आणि कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो यांच्या मधोमध. मजकुरावर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण होती आणि पाठवणारे होते आमचे सेक्रेटरी, ज्यांनी करुणाताईंना आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. 'विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक डॉ. करुणा भालेराव यांचं हडपसर येथील राहत्या घरी हृदयविकाराने निधन...' मी तो मजकूर दोनदा वाचला आणि पहिला विचार मनात आला तो असा की, हे ताईंना सांगायला हवं. त्या लगेच विचारतील, सेक्रेटरींना हे कुठून आलं? आणि त्यांना पाठवणाऱ्याला कुणी पाठवलं? मग त्या फोन फिरवायला बसतील. हे सगळं डोक्यात फिरून झाल्यावर मग त्या शब्दांचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला... मी हिंजवडीतल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये होते. ताटात पोहे होते. शेजारच्या टेबलवरच्या मुलीने विचारलं, "मॅम, ऑल ओके ना?" मी "नाही" म्हणाले आणि ताट तसंच ठेवून बाहेर आले.

त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हा लिहायला बसले असते तर नुसतं रडगाणं झालं असतं, आणि रडगाण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. सांत्वनाला आलेल्या बायका गळ्यात पडू लागल्या की त्या हळूच स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायच्या. शिवाय खरं सांगायचं तर आता त्यांची आठवण आली की आधी हसू येतं. ते हसू ताजं आहे तोवर लिहावं म्हणून बसलेय.

मी मूळची कसबा पेठेतली. आमच्याकडे माणसं गरजेपुरतं बोलतात, आणि गरज सहसा समोरच्याची चूक काढण्याची असते. नोकरी हिंजवडीतल्या एका कंपनीत. लोक इंटरनेटवर साबणाबद्दल, मोबाइलबद्दल, कुणाच्या बिस्किटांबद्दल काय बोलतात ते गोळा करून मोजणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. सांगण्यासारखं काम नाही, पण आकडे बरोबर आले की मला बरं वाटतं. माझी मुलगी सई तिसरीत असताना कुणीतरी सांगितलं की शहरातल्या एका संशोधन संस्थेत दर रविवारी मुलांसाठी हॉल उघडा असतो. भिंगं, लोहचुंबक, गांडुळांची पेटी, पुठ्ठ्याच्या खोक्याचा कॅमेरा. कुणी शिकवत नाही, घंटा नाही, परीक्षा नाही. मुलं आईवडिलांबरोबर येतात आणि हवं ते हाताळतात. आम्ही गेलो. मागच्या बाकावर सुती साडीतल्या, चष्मा डोक्यावर ढकललेल्या एक बाई बसून शांतपणे काहीतरी टिपत होत्या. मला असल्या टिपणाऱ्या माणसांचा राग येतो. मी जाऊन विचारलं, "तुम्ही मुलांची परीक्षा घेताय का?"

"नाही," त्या म्हणाल्या, "आईवडिलांची. तुम्ही मघापासून मुलीला बोलूच दिलेलं नाही."

मला राग यायला हवा होता. पण असं तोंडावर बोलणारं माणूस आमच्या पेठेबाहेर मला पहिल्यांदाच भेटत होतं, त्यामुळे उलट घरच्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही. सईला दोन वर्षांत भिंगांचा कंटाळा आला, मला करुणाताईंचा आला नाही.

त्यांचं काम नेमकं काय होतं हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. शाळेबाहेर विज्ञान कसं शिकलं जातं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. संग्रहालयात, प्राणिसंग्रहालयात, गच्चीवरच्या आकाशदर्शनात, स्वयंपाकघरात. या विषयावर जगभर संशोधन होतं, निबंध छापले जातात, आणि एका निबंधाचा उल्लेख दुसऱ्या निबंधात किती वेळा आला हे मोजून कोण मोठं ते ठरतं. "अहो रूपम् अहो ध्वनी," असं त्या त्याला म्हणायच्या. त्यांना पडलेला प्रश्न वेगळा होता. संग्रहालयात माहिती देणारा माणूस, मुलाचा हात धरून आलेली आई, रविवारी दुर्बीण घेऊन जाणारे हौशी लोक, ज्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं जातं, त्यांच्यापर्यंत ते पोचतं का? ही माणसं निबंध लिहीत नाहीत. बोलतात. आणि हल्ली जे बोलतात ते थोडंफार इंटरनेटवर बोलतात. मग तिथे या संशोधनाची दखल कोण घेतं, काय म्हणून घेतं, हे मोजता येईल का?

"तू काय काम करतेस गं?" त्यांनी एकदा विचारलं. तोवर मी 'अहो मुग्धा'वरून 'अगं मुग्धा'वर आले होते.

"लोक साबणाबद्दल काय बोलतात ते मोजते."

"मग विज्ञानाबद्दल मोजशील?"

"ताई, लोक साबणाबद्दल जास्त बोलतात."

"ते मलाही माहीत आहे. किती जास्त, ते सांग."

अशी मी त्यांच्या कामाला लागले, सुट्टीच्या दिवसांची, बिनपगारी, आनंदाने. इंटरनेटवर कुणी एखाद्या निबंधाची लिंक दिली की ती टिपणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडून माहिती घ्यायची, या विषयावरचे निबंध वेगळे काढायचे आणि कुठे, कुठल्या भाषेत, कुणी उल्लेख केला ते मांडायचं. मी आठवडाभरात सुरेख प्रोग्रॅम केला. प्रत्येक निबंधाला शेवटी एकच आकडा मिळायचा. जितका मोठा आकडा तितकी मोठी दखल. मी तो त्यांना अभिमानाने दाखवला. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली ओढला, आकड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे लोक काय म्हणाले?"

मी म्हटलं, ते यात नाही. यात किती जण म्हणाले ते आहे.

"मग मला शिव्या घातल्या तरी आकडा वाढणार?"

"वाढणार."

"वा," त्या म्हणाल्या, "मग पुण्यात आपल्याला चांगला वाव आहे."

पण एवढ्यावर त्या सोडणार नव्हत्या. हा स्वभाव घरचा. वडील हडपसरच्या एका कारखान्यात कामगार होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात शिकण्याला फार मान. पाळी संपवून आलेले वडील डोळे मिटून पडायचे आणि थोरली करुणा त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची. एखादी मोठी बातमी आली की मिटल्या डोळ्यांनीच ते विचारायचे, "असं म्हणणारा कोण?" नाव सांगता आलं नाही तर ती बातमी बाद. त्यामुळे माझा आकडाही बाद झाला. प्रत्येक उल्लेख माणसाने उघडून वाचायचा असं ठरलं. मोजायला मी, वाचायला त्या. रोज नवे उल्लेख एका पानावर आपोआप दिसतील अशी सोय मी संस्थेच्या संकेतस्थळावर करून दिली, म्हणजे त्यांना हडपसरला घरबसल्या सकाळच्या चहाबरोबर वाचता येतील. पानाला पासवर्ड होता. तो त्या दर दोन दिवसांनी विसरायच्या. शेवटी एक दिवस फोनवर कडाडल्या, "काढून टाक तो पासवर्ड! कोण येणार आहे आपलं चोरायला?" मी काढून टाकला.

इथून पुढे जे झालं ते फक्त आमच्याच धंद्यातल्या माणसांच्या हातून होऊ शकतं. काही आठवड्यांत दखल वाढू लागली. आधी थोडी, मग भराभर. मासे पाहताना कुटुंबं काय बोलतात यावरचा कुणाचा तरी गरीब बिचारा निबंध, ज्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तोही वर चढला. आलेख जिन्यासारखा दिसू लागला. ताई क्रमाने वाचत होत्या, त्यामुळे या नव्या उल्लेखांपर्यंत त्या अजून पोचल्याच नव्हत्या. संस्थेचे संचालक एरवी करुणाताईंच्या हॉलकडे वळायचेही नाहीत, त्यांनी स्वतः खाली येऊन चहा घेतला. याला कारण होतं. ताई निवृत्त होऊन वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर होत्या, आणि संस्थेला जुन्या दप्तरांची कपाटं ठेवायला जागा हवी होती. रविवारच्या हॉलवर सगळ्यांचा डोळा होता. "या विषयात समाजाला रस आहे हे दाखवा, हॉल राहील," असं संचालकांनी सांगितलं होतं. आता त्यांच्या हातात आलेख होता. सल्लागार मंडळाच्या बैठकीत तो दाखवायचं ठरलं, आणि बैठकीआधीच ते दिसेल त्याला सांगू लागले.

बैठकीच्या आधीच्या शनिवारी ताईंनी मला हडपसरला बोलावलं. मी गेले तर त्या खुर्चीत बसून हसत होत्या. बोलता येईना इतक्या. त्यांची धाकटी बहीण विमलताई, जी त्यांच्याबरोबरच राहायची, पाण्याचा पेला घेऊन उभी. "अगं, मी उल्लेख उघडला," ताई कशाबशा म्हणाल्या, "तर आपलंच पान आलं. मला वाटलं, चुकून मागे गेले. परत उघडला. परत आपलंच! दुसरा उघडला, तेच..." पासवर्ड काढल्यावर आमचं पान जगाला दिसू लागलं होतं. उल्लेख गोळा करणाऱ्या कंपनीच्या यंत्राला ते सापडलं आणि त्याला वाटलं की, कुणीतरी या सगळ्या निबंधांवर रोज लिहितंय. त्याने तो उल्लेख म्हणून धरला. आमच्या प्रोग्रॅमने तो नवा उल्लेख म्हणून पानावर टाकला. यंत्राने तो पुन्हा धरला. केस कापायच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात ना, तसं चाललं होतं. "आपली टिमकी आपणच वाजवतोय, आणि आपणच माना डोलावतोय," असं म्हणून त्या पुन्हा हसायला लागल्या. विमलताईने पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "झालं. आता जेवणाचं काही खरं नाही."

मी तिथेच बसून खरी मोजणी केली. जिना कोसळला. उरले ते थोडेसे उल्लेख, त्यातले बरेचसे संशोधकांनी एकमेकांचं अभिनंदन केल्याचे. मी म्हटलं, "ताई, हे सांगितलं तर हॉल जाईल."

त्यांचं हसू थांबलं. "हॉल जाऊ द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण या आकड्यावर ठेवायचाही नाही."

बैठकीला मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी आलेख पडद्यावर दाखवला आणि तो कसा झाला ते पासवर्डासकट सांगितलं. सगळी चूक स्वतःच्या नावावर घेतली. सल्लागारांपैकी एक गृहस्थ मोठ्याने हसले. संचालक हसले नाहीत. "म्हणजे गेले कित्येक दिवस मी लोकांना जे सांगत होतो..."

"ते आमच्याबद्दल आम्हीच म्हणत होतो, सर."

मग त्यांनी उरलेले खरे उल्लेख एकेक करून वाचले, तिथल्या तिथे मराठीत करून. परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयातल्या माणसाने लिहिलं होतं की, एक निबंध वाचल्यापासून तो मुलांना प्राण्याचं नाव आधी सांगत नाही, आधी पाहू देतो. कुठल्याशा आजोबांनी लिहिलं होतं की, संग्रहालयातल्या पाट्या त्यांच्या उंचीच्या माणसाने लिहिलेल्या आहेत, नातवाच्या नव्हे.  संचालकांनी विचारलं, "आणि मराठीत?"

"मराठीत शून्य."

"म्हणजे आपल्या शहरात कुणाला पत्ताच नाही."

"तसं नाही सर. माणसं बोलतात, पण लिंक देऊन बोलत नाहीत. आपलं यंत्र लिंक ऐकतं, माणूस ऐकत नाही."

संचालकांनी घड्याळ पाहिलं, कपाटांचा विषय पुढे ढकलला आणि म्हणाले, "एक वर्ष देतो. मराठीतलं ऐकून दाखवा." बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "बघ, माणूस वाईट नाही. फक्त आखडू आहे."

ते वर्ष त्यांचं शेवटचं ठरलं. आज मागे वळून पाहताना वाटतं की, त्या वर्षाइतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संशोधनातल्या गोष्टी त्यांनी सोप्या मराठीत एकेका पानावर लिहून काढल्या. रविवारी येणाऱ्या आईवडिलांना त्या फोनवर पाठवायच्या. तळाशी मूळ निबंधाची लिंक असायची, म्हणजे कुणी पुढे पाठवलं तर आमच्या यंत्राला ऐकू यावं. सगळ्यात आवडीचं पान त्यांच्या स्वतःच्या निबंधाचं होतं, याच हॉलमध्ये आईवडील काय बोलतात यावरचं. महिने गेले. मराठीच्या रकान्यात शून्यच. मी दर आठवड्याला शून्य कळवायची, आणि त्या "हं" म्हणायच्या.

एके दिवशी ऐन मीटिंगमध्ये त्यांचा फोन. मी कापला. पुन्हा आला. बाहेर जाऊन घेतला तर आवाज थरथरत होता. मी घाबरले. "मुग्धा, आलं! विमलला आलं!" विमलताईच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलाचं एक भलंमोठं चित्र आलं होतं. वर 'शुभ सकाळ'. मधे लिहिलं होतं, 'मुलाने प्रश्न विचारला की लगेच उत्तर देऊ नका. आधी त्याला विचारा, तुला काय वाटतं?' आणि खाली, 'एक थोर विचारवंत.' ते वाक्य अक्षर न् अक्षर त्यांच्या पानातलं होतं. लिंक गळाली होती, संस्था गळाली होती, त्या स्वतः गळाल्या होत्या. "माझं नाव गेलं आणि गुलाब आला!" त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की, मला वाईट वाटायचं राहूनच गेलं. मी विचारलं, "मग आता श्रेय गुलाबाला द्यायचं का?" तर म्हणाल्या, "दे की. त्याने माझ्यापेक्षा जास्त कष्ट केलेत."

मग सुरू झाला तो शोध. ज्या बाईंनी विमलताईला गुलाब पाठवला त्यांना फोन, त्यांना ज्यांनी पाठवला त्यांना फोन, असं मागे मागे जायचं. "नमस्कार, मी करुणा भालेराव, हडपसरहून बोलतेय. आपण परवा एक गुलाबाचं चित्र पाठवलंत, ते आपल्याला कुठून आलं?" लोकांना वाटायचं, पोलिसांचा फोन आहे, नाहीतर काहीतरी विकतायत. सदाशिव पेठेतल्या एक बाई म्हणाल्या, "का? गुलाब तुमचा आहे का?" ताईंनी हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी पुरे म्हटलं. मूळ काही सापडलं नाही. मधेच कुणीतरी फोन बदललेला होता, त्यात जुनं सगळं गेलं. पण तोवर त्यांचं मूळ शोधण्यातलं लक्षच उडालं होतं. कारण प्रत्येकाला त्या पुढे विचारायच्या, "मग तुम्ही कधी करून पाहिलंत का तसं?" आणि तिथून पुढे माणसं बोलत सुटायची. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, मी नातवाला विचारलं तुला काय वाटतं, तर तो म्हणाला, आजोबा, तुम्हाला उत्तर येत नाही का? हडपसरमध्येच ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, मुलगी सारखी विचारायची की मेंदीचा रंग दुसऱ्या दिवशी गडद कसा होतो. मी गप्प बसले, म्हटलं तूच सांग. तर तिने आठ दिवस घरभर सगळ्यांच्या हातांना मेंदी लावून ठेवली, नवऱ्याच्यासुद्धा.

"हा उल्लेख आहे की नाही?" ताईंनी मला विचारलं.

"आहे."

"मग मोज."

"कशात मोजू, ताई? लिंक नाही, तारीख नाही, पुरावा नाही. तुम्ही फोन केला नसता तर हे झालंय हे कळलंही नसतं."

"पण झालं असतं."

 यावर आमची भांडणं व्हायची, जोरजोरात. मी म्हणायची, दहाबारा फोनवरच्या गप्पा म्हणजे संशोधन नव्हे. त्या म्हणायच्या, अगदी बरोबर. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावायच्या.

आमची शेवटची भेटही अशीच भांडणात गेली. त्या जरा दमलेल्या दिसत होत्या. जिना चढताना थांबत होत्या, पण विचारलं की म्हणायच्या, "उन्हाळा आहे." वर्ष संपत आलं होतं, बैठक जवळ आली होती. संचालकांना कुठला आकडा सांगायचा यावर मी अडून बसले होते. ताईंनी भाजत ठेवलेल्या शेंगदाण्यांखालचा गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "आकडा नाही, असंच सांगायचं. तू सांग."

"मी कशाला? तुम्ही आहात ना."

"मी फार बोलते. तुला आकड्यांची आवड आहे हे त्यांना माहीत आहे. तू नाही म्हणालीस की त्यांना पटेल." मग माझ्या हातावर गरम शेंगदाणे ठेवून म्हणाल्या, "सालं काढून खा. घाई करू नको." पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या.

हडपसरच्या घरी त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली. घर भरून अंगणात माणसं उभी होती. संस्थेतले होते, रविवारच्या हॉलमधले आईवडील होते, भाचे-पुतणे होते. कोपऱ्यात एक बाई एकट्या उभ्या होत्या. मी विचारलं, आपण? तर म्हणाल्या, "मी पार्लरवाली. आम्ही फक्त फोनवरच बोललोय. पण त्या दर आठ दिवसांनी फोन करायच्या, मेंदीचं काय झालं म्हणून." तोवर मी धीराने उभी होते. तिथे मात्र मला रडू आवरलं नाही, आणि त्या बाईंनीच मला धरून खुर्चीवर बसवलं.

ठरल्याप्रमाणे बैठकीत मी बोलले. आकडा नाही म्हणाले. गुलाब सांगितला, नातू सांगितला, मेंदी सांगितली. मला त्यांच्यासारखं सांगता येत नाही. माझं बोलणं साबण मोजल्यासारखं होतं. संपलं तेव्हा संचालकांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "कपाटांची सोय दुसरीकडे झाली आहे." आणि पुढच्या विषयाकडे वळले. पुण्यात याहून जास्त कुणी काही म्हणत नाही. मला ते पुरलं.

बैठकीतून निघून हडपसरला विमलताईला सांगायला गेले, हॉल राहिला म्हणून. ती दारातच म्हणाली, "तुझं ते पान बंद झालं का गं?" मला कळेना तिला पानाशी काय करायचंय. तेव्हा तिने सांगितलं की, रोज सकाळी ताई त्या पानावरचं सगळं तिला मराठीत करून वाचून दाखवायच्या. कुठल्या गावचा कोण काय म्हणाला ते. विमलताई शाळेत फार शिकली नाही, इंग्रजी तिला येत नाही, पण त्या प्राणिसंग्रहालयातल्या माणसाचं पुढे काय झालं हे तिला जाणून घ्यायचं होतं. "सकाळचा चहा नुसता गिळावा लागतो आता," ती म्हणाली. तेव्हापासून रविवारी सकाळी हॉल उघडण्याआधी मी तिला फोन करते आणि आठवड्याचे उल्लेख वाचून दाखवते. माझं भाषांतर तिला पसंत नाही. "करुणा असं नव्हती म्हणत," असं दर दोन वाक्यांनी ऐकावं लागतं.

गेल्या रविवारी पान उघडलं तर मराठीच्या रकान्यात एक होता. मला आधी संशय आला की पुन्हा आपलंच पान सापडलंय. तसं नव्हतं. हिंजवडीकडच्या कुणा बापाने पालकांच्या एका ऑनलाइन चर्चेत, खाली रीतसर लिंक देऊन, ताईंच्या निबंधावर मराठीत तक्रार लिहिली होती. 'या बाईंचं म्हणणं वाचून मी मुलाला आठवडाभर उत्तरं दिली नाहीत. तुला काय वाटतं, एवढंच विचारलं. आता तो पूर्वीपेक्षा तिप्पट प्रश्न विचारतो आणि मला ऑफिसला उशीर होतो. यावर उपाय काय, हे संशोधकांनी सांगावं.' मी विमलताईला वाचून दाखवलं, एकदा, मग तिने सांगितलं म्हणून पुन्हा एकदा. भाषांतराची गरजच नव्हती.  ती म्हणाली, "तू काय करणार?"

"त्याला उत्तर लिहिते."

"अगं, लगेच नको," विमलताई म्हणाली. "आधी विचार, त्याला काय वाटतं."

मी विचारलं. त्याने हे भलंमोठं लिहिलं. त्याच्याखाली एका आईने लिहिलं की, असल्या बापांमुळेच मुलं गप्प होतात. त्यावर तो चिडला. मग कुणी आजी आल्या. आता तिथे रीतसर भांडण चालू आहे, सगळं मराठीत, आणि मी त्यातलं अजून काहीच मोजलेलं नाही. आधी वाचतेय.